तेलावरचा राजकीय थरारपट नागपुरातून लिहायचा, तर तेलासोबत त्याचे कागदही ओळखता आले पाहिजेत

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या चार तरुणांनी जागतिक तेल उद्योगावर राजकीय थरारपटाची पटकथा लिहायला घेतली आहे. आखातातून निघालेलं कच्च्या तेलाचं जहाज समुद्रात गायब होतं. दोन दिवसांत नागपूरचे पंप कोरडे पडतात. दिल्लीत मंत्री खरेदीच्या फाइलवर सही करतो, बदल्यात त्याला नोटांची सुटकेस मिळते. हिवाळी अधिवेशनात एक आमदार हे प्रकरण बाहेर काढतो आणि शेवटी नागपूरजवळच्या खापरीपाशी गोळी झाडून पेट्रोलचा टँकर उडवला जातो. तेलाच्या धंद्यातल्या माणसाला यात काय खटकेल, आणि ते दुरुस्त कसं करायचं?

खटकण्याच्या जागा बऱ्याच आहेत, पण मूळ एकच आहे. तुमच्या पटकथेत सगळे तेलामागे धावतात: तेल पळवतात, अडवतात, पेटवतात. या धंद्यात तेल एका वाटेने जातं आणि तेलाचा कागद दुसऱ्या वाटेने. तेल जहाजातून, पाइपातून, रेल्वेच्या वाघिणीतून (मालडब्यातून) जातं; कागद दलालाकडून बँकेत आणि बँकेतून दुसऱ्या बँकेत. मोठे घोटाळे जवळपास सगळे या दोन वाटांमधल्या अंतरात झालेले आहेत. तुमचा थरार तिथे नेऊन बसवा; बाकीच्या चुका बऱ्याचशा आपोआप सुटतील.

जहाजापासून सुरुवात करू. आखातातून भारतात येणारं मोठं जहाज म्हणजे धंद्याच्या बोलीत व्हीएलसीसी. साधारण ३३० मीटर लांब, पोटात सुमारे २० लाख बॅरल. एक बॅरल म्हणजे जवळपास १५९ लिटर. भरल्यावर ते पाण्यात वीसेक मीटर खोल बसतं, म्हणून ते साध्या धक्क्याला लागत नाही. गुजरातेतल्या वाडीनारसारख्या ठिकाणी समुद्रात तरंगणारा बोया असतो, त्याला जहाज बांधतात आणि समुद्रतळावरच्या पाइपातून तेल किनाऱ्यावर खेचतात. तुमच्या पहिल्याच दृश्यात असं जहाज मुंबईच्या गोदीत उभं आहे आणि नायक त्यावर शिडीने चढतो. ते दृश्य काढा. बोया, खवळलेला पावसाळी समुद्र आणि जहाजाला बांधलेला, ताण आलेला जाड दोरखंड, हे दृश्य जास्त खरं आहे आणि पडद्यावर जास्त भेदकही.

आखातातून निघताना हे जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतं. सर्वांत अरुंद जागी ती सुमारे ३३ किलोमीटर आहे, पण मोठ्या जहाजांची जायची आणि यायची लेन प्रत्येकी दोन सागरी मैलांची. २०२४ मध्ये रोज दोन कोटी बॅरलच्या आसपास तेल इथून गेलं, म्हणजे जगाच्या वापराचा साधारण पाचवा हिस्सा. सौदीच्या रास तनुरा बंदरापासून कच्छच्या आखातापर्यंत चारेक दिवस लागतात. पटकथेत तुम्ही हा प्रवास तीन आठवड्यांचा दाखवला आहे. तो वेळ पश्चिम आफ्रिकेच्या तेलाला जवळचा आहे. कथेला तेवढा वेळ हवाच असेल तर तेल नायजेरियाचं करा.

आता जहाज गायब होण्याबद्दल. हे एकदा खरोखर घडलेलं आहे, आणि कसं घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. डिसेंबर १९७९ मध्ये ‘सालेम’ नावाचं टँकर-जहाज कुवेतच्या मिना अल अहमदी बंदरातून सुमारे दोन लाख टन तेल घेऊन इटलीकडे निघालं. वाटेतच तो माल शेल कंपनीने सुमारे ५.६ कोटी डॉलरला विकत घेतला. वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेवर तेलबंदी होती आणि इराणी क्रांतीनंतर तिथला पुरवठाही तुटला होता. जहाजाच्या नावातली अक्षरं रंगाने झाकून त्याचं ‘लेमा’ केलं गेलं. डर्बनजवळ सुमारे १ लाख ८० हजार टन तेल उतरवलं, आणि जहाज भरलेलंच दिसावं म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी भरलं. १७ जानेवारी १९८० ला सेनेगलच्या किनाऱ्यापलीकडे ते बुडवलं गेलं. ब्रिटिश जहाजाने खलाशांना वाचवलं तेव्हा त्यांच्या हातात नीट भरलेल्या बॅगा होत्या. जीव वाचवायला धावत सुटलेल्या माणसाच्या हातात बॅग नसते, आणि संशय तिथूनच सुरू झाला.

यातलं बुडणं सोडून कागदाकडे पाहा. तेल डर्बनला उतरलं होतं, तरी कागदावर ते इटलीकडेच चाललं होतं आणि त्या कागदाचा मालक तिसराच होता. असा दुहेरीपणा आजही जमतो, फक्त पद्धत बदलली. आज जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. चालत्या जहाजाची जागा, वेग आणि दिशा ते दर काही सेकंदांनी सांगत राहतं. ते बंद करता येतं, किंवा खोटी जागा सांगायला लावता येतं. जहाज पाण्यात किती खोल बसलंय हा आकडा तर खलाशी हातानेच भरतो, म्हणजे भरलेलं जहाज कागदावर रिकामं होऊ शकतं. म्हणून तुमच्या नायिकेने पडद्यावरच्या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नाही. तिने उपग्रहाचं चित्र काढून पाहावं: दोन जहाजं एकमेकांना चिकटून उभी, मधे फुगवलेल्या रबराचे जाड फेंडर, वरून नळ्या टाकलेल्या. याला जहाजातून जहाजात माल देणं म्हणतात. ते कायदेशीरही असतं, म्हणून नुसतं चित्र पुरावा ठरत नाही. चित्र आणि कागदावरची तारीख जुळत नाही, हा पुरावा.

जहाजाचं नाव बदलतं, झेंडा बदलतो, मालकाची कंपनी बदलते, पण आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी क्रमांक जहाजाच्या जन्मापासून भंगारापर्यंत तोच राहतो. पडद्यावर हा क्रमांक दिसणार, त्यामुळे एखाद्या खऱ्या जहाजाचा क्रमांक चुकून वापरू नका. तपासायची पद्धत सोपी आहे. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. ९०७४७२९ घ्या: ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९, शेवटी ९, म्हणजे जुळतो. तुमच्या जहाजासाठी सातवा आकडा मुद्दाम न जुळणारा ठेवा. असा क्रमांक कुठल्याही जहाजाचा असू शकत नाही.

आता या गोष्टीतलं खरं शस्त्र, बिल ऑफ लेडिंग. जहाज भरल्यावर कप्तान यावर सही करतो. मालाची पावती, वाहतुकीचा करार आणि मालकीचा दस्तऐवज, ही तिन्ही कामं हाच कागद करतो. साधारणपणे तीन मूळ प्रती निघतात. ज्याच्या हातात मूळ प्रत, त्याला माल मागायचा हक्क. अडचण अशी की चार दिवसांत जहाज पोहोचतं आणि कागद अजून दोन बँकांच्या टेबलांवरून फिरत असतो. म्हणून मूळ प्रतीऐवजी विकणारा एक हमीपत्र लिहून देतो: माल सोडा, पुढे कुणी मूळ प्रत घेऊन आला तर नुकसान आम्ही भरू. जगभर कच्चं तेल रोज अशा हमीपत्रांवर उतरतं. म्हणजे वीस लाख बॅरल, समजा बॅरलला ७५ डॉलर धरले तर १५ कोटी डॉलरचा माल, एका पानाच्या विश्वासावर सोडला जातो. कथेत स्फोट हवा असेल तर तो या पानात आहे.

बँक माल बघत नाही, कागद बघते. पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट) म्हणजे कागद नीट असतील तर विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी. त्याचे आंतरराष्ट्रीय नियम हेच सांगतात: बँकेचा व्यवहार दस्तऐवजांशी, मालाशी नाही. सिंगापूरची हिन लिओंग ही तेलव्यापारी कंपनी २०२० मध्ये कोसळली तेव्हा सुमारे ८० कोटी डॉलरचा तोटा वर्षानुवर्षं दडवलेला निघाला. बँकांकडे तारण असलेला साठाही परस्पर विकला गेला होता. कंपनीच्या संस्थापकाला खोट्या कागदांवर बँकेकडून पैसे उचलल्याबद्दल २०२४ मध्ये साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रकरणात ना बंदूक होती ना समुद्रावरचा पाठलाग. होती ती बनावट बिलं आणि अस्तित्वात नसलेली विक्री.

तारखेचा खेळ तर याहून बारीक आहे आणि तुमच्या मध्यंतराला हवा तसा आहे. आखाती देश आपल्या तेलाचा दर महिन्यागणिक ठरवतात: ओमान आणि दुबईच्या कच्च्या तेलाच्या त्या महिन्याच्या सरासरी दरावर अमुक डॉलर जास्त किंवा कमी. कुठला महिना लागू, हे ठरतं बिल ऑफ लेडिंगच्या तारखेवरून. जहाज ३१ तारखेला रात्री भरून झालं की १ तारखेला पहाटे, यावर दर बदलतो. दोन महिन्यांत बॅरलला एका डॉलरचा फरक असेल तर एका तारखेची किंमत वीस लाख डॉलर. आता दृश्य बघा: लोडिंग मास्टरची केबिन, घड्याळात रात्रीचे बारा वाजून चाळीस मिनिटं, फॉर्मवर तारखेचा रकाना रिकामा, कप्तान पेन घेऊन थांबलेला आणि समोरचा माणूस फक्त एवढंच म्हणतो, “कालची टाका.” ज्याला धंदा माहीत आहे त्याचा श्वास इथे अडकेल. ज्याला माहीत नाही त्याला हे आधीच्या दृश्यात समजावून ठेवा.

लाचेची सुटकेस काढाच. तेलातली लाच सेंटमध्ये मोजतात. बॅरलला दहा सेंट म्हणजे एका जहाजामागे दोन लाख डॉलर, आणि दहा सेंटचा फरक कुठल्याही तपासणीत दरातली सामान्य हालचाल म्हणून निघून जातो. पैसे दिले जातात ते ‘सल्लागार’ कंपनीला, रीतसर करार करून, दर महिन्याला बिल लावून. २०२२ मध्ये ग्लेनकोर या बड्या व्यापारी कंपनीने लाचखोरीचे गुन्हे कबूल केले. अमेरिकी सरकारने तेव्हा जे मांडलं, त्यानुसार कंपनीच्या आतल्या पत्रव्यवहारात लाचेला ‘वर्तमानपत्रं’, ‘जर्नल’, ‘पानं’ असे सांकेतिक शब्द होते. तुमच्या संवादात कुणीही ‘लाच’ हा शब्द उच्चारू नये.

भारतीय राजकारणाशी जोडणारं खरं उदाहरण हवं असेल तर इराकच्या ‘अन्नासाठी तेल’ कार्यक्रमाचा अभ्यास करा. निर्बंधांखालच्या इराकला १९९६ पासून संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तेल विकून अन्न-औषध घ्यायची परवानगी होती. सद्दामच्या सरकारने तेलाचे वाटे मर्जीतल्या लोकांना दिले. त्यांना ना जहाज होतं ना रिफायनरी; ते आपला वाटा खऱ्या व्यापाऱ्याला बॅरलमागे काही सेंट घेऊन विकत. २००० सालच्या अखेरीपासून इराकने त्यावर गुपचूप १० ते ३० सेंटांचा अधिभारही लावला. याची चौकशी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या व्होल्कर समितीने २००५ मध्ये दोन हजारांहून अधिक कंपन्यांची नावं आणि १.८ अब्ज डॉलरची बेकायदा कमाई मांडली. त्या अहवालाच्या शेवटच्या तक्त्यांत एक रकाना होता: कराराबाहेरचा लाभार्थी. तिथे तत्कालीन परराष्ट्रमंत्री नटवर सिंह यांचं आणि काँग्रेस पक्षाचं नाव होतं. त्यांनी आरोप नाकारले, पण परराष्ट्र खातं गेलं आणि पुढे मंत्रिपदही. एका तक्त्यातल्या एका रकान्याने दिल्ली हलली. हे पडद्यावर दाखवायला वाकडी वाट धरायची गरज नाही: छापलेलं पान, त्यावरून फिरणारं बोट, आणि थांबणारं बोट.

मंत्री कच्च्या तेलाच्या खरेदीवर सही करत नाही. सरकारी तेल कंपन्यांची खरेदी त्यांच्या समित्या करतात. एप्रिल २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपन्यांना आपापलं आयातधोरण ठरवायची मोकळीक दिली. वर्षाचे करार असतात आणि बाकीचं तेल निविदेतून. निविदेत आलेल्या प्रत्येक तेलाचं गणित संगणकावर होतं: त्यात गंधक किती, ते हलकं की जड, आपल्या रिफायनरीत त्यातून पेट्रोल-डिझेल किती निघेल. भ्रष्टाचार करायचा तर तो या गणिताला दिलेल्या माहितीत होतो. गंधकाचा आकडा थोडा कमी, जहाज पोहोचायच्या तारखांची खिडकी एका विक्रेत्याला सोयीची, उशिराच्या दंडाचा दावा सोडून दिलेला. मंत्र्याची ताकद संचालकांच्या नेमणुकीत आणि बदल्यांत असते, ती तिथेच दाखवा. आणि तुमच्या तपास अधिकाऱ्याची अडचणही कागदाचीच ठेवा: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये कलम १७अ आलं. अधिकाऱ्याने पदावर घेतलेल्या निर्णयाबद्दल चौकशी सुरू करण्याआधीच मंजुरी घ्यावी लागते, लाच घेताना रंगेहाथ पकडणं वगळून. ती मंजुरी कुठल्या टेबलावर अडली आहे, हा वीस मिनिटांचा ताण आहे.

रशियन तेलाचा पदर घेतलाय तो चांगला आहे. ५ डिसेंबर २०२२ ला पाश्चात्त्य देशांनी त्यावर बॅरलला ६० डॉलरची मर्यादा घातली; २०२५ मध्ये युरोपीय संघ आणि ब्रिटनने ती आणखी खाली आणली. तेल मर्यादेहून महाग विकलं असेल तर त्यांच्या विमा आणि जहाज कंपन्यांनी सेवा द्यायची नाही. ‘दर मर्यादेत आहे’ असं लेखी द्यावं लागतं. मग तेलाचा दर मर्यादेच्या आत दाखवायचा आणि वाहतूक खर्च फुगवायचा, अशी वाट उघडते. इथेही पुन्हा कागदच.

आता नागपूर. जहाज गायब झाल्यावर दोन दिवसांत नागपूरचे पंप कोरडे पडणार नाहीत. कच्चं तेल रिफायनरीच्या टाकीत येतं, तिथे साठा असतो. त्यातून निघालेला माल पाइपलाइनने किंवा रेल्वेने डेपोत येतो, तिथे साठा असतो. मग टँकर, मग पंपाची जमिनीखालची टाकी. शिवाय विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे जमिनीखालच्या गुहांत देशाचा मिळून ५३.३ लाख टनांचा राखीव साठा ठेवायची सोय आहे. एका जहाजाने नागपूर अडत नाही. नागपूर अडतं ते शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत अपघाताच्या नव्या कलमाविरुद्ध ट्रक-टँकरचालकांनी गाड्या थांबवल्या आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, नागपुरातही. जगात तेलाची कमतरता नव्हती, डेपोत माल होता, चाक फिरत नव्हतं. तुमच्या खलनायकाला शहर वेठीला धरायचं असेल तर त्याने होर्मुझ बंद करू नये. त्याने रेक, म्हणजे डेपोत तेल आणणारी अख्खी मालगाडी, उशिरा आणावी आणि टँकरचालकांमध्ये अफवा सोडावी. एका रेकमध्ये पन्नासेक वाघिणी आणि एका वाघिणीत सुमारे ७० हजार लिटर, म्हणजे एक रेक चुकली की काय होतं त्याचा हिशेब करता येईल.

हिवाळी अधिवेशनाचा वापर योग्य आहे, फक्त विषय चुकला आहे. पेट्रोलियम हा केंद्राच्या सूचीतला विषय; कच्च्या तेलाच्या खरेदीवर विधानसभेत प्रश्न टिकणार नाही. आमदार धरू शकतो ते राज्याच्या हातातलं: मापात घट म्हणजे वैधमापन खातं, भेसळ म्हणजे अन्न व नागरी पुरवठा, आणि पेट्रोल-डिझेलवरचा राज्याचा कर. त्याने भेसळीवर लक्षवेधी सूचना लावावी आणि उत्तराला जोडलेल्या परिशिष्टात एका चलानाचा क्रमांक चुकून यावा. तिथून कथा खापरीहून सिंगापूरला जाऊ शकते.

आणि एक गोष्ट तुमच्या पटकथेत नाही याचं खरंच आश्चर्य वाटलं. देशभरातल्या पेट्रोलियम साठ्यांचे, टँकरांचे, पंपांचे सुरक्षा परवाने ज्या संघटनेच्या अखत्यारीत येतात, त्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय तुमच्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे नियम तिथून राबवले जातात. २३ अंशांखाली पेट घेणारी वाफ सोडणारं ते ‘अ’ वर्ग, म्हणजे पेट्रोल. २३ ते ६५ च्या खाली ‘ब’, म्हणजे डिझेल-रॉकेल. चित्रपटात या कार्यालयाला काल्पनिक नाव द्या, पण नायिका मुंबईची पत्रकार असण्यापेक्षा नागपुरातली नकाशे तपासणारी परवाना अधिकारी करा. तिच्याकडे दोन आराखडे येतात, एकाच टाकीचे, वेगवेगळ्या क्षमतेचे. तुमच्या शहराची ही कथा दुसऱ्या कुठल्या शहरात घडूच शकणार नाही.

पंपावर टँकर उतरवण्याचं दृश्य तुम्ही दोन ओळींत उरकलं आहे. त्याला चार मिनिटं द्या, कारण प्रेक्षक ज्या तेलाला रोज हात लावतो ते इथे आहे. मे महिना, वर्धा रोड, पहाटेचे साडेपाच. बारा हजार लिटरची गाडी, चार-चार हजारांचे तीन कप्पे. गाडी सपाट जागेवर उभी, इंजिन बंद, बॅटरीचा स्विच बंद, आधी अर्थिंगची क्लिप लागते, जवळ आगीची नळकांडी. मग दहा मिनिटं काहीच करायचं नाही. माल स्थिर होऊ द्यायचा. ही दहा मिनिटं संवादासाठी वापरा. नंतर सीलचे क्रमांक चलानाशी ताडायचे. गाडीवर चढून झाकण उघडायचं, पितळी दांडी सरळ सोडायची, ओली खूण तक्त्याशी जुळवायची. प्रत्येक कप्प्यातला नमुना ५०० मिलीच्या काचेच्या जारमध्ये घ्यायचा, त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर. हायड्रोमीटर जारच्या काचेला टेकता कामा नये, आणि वाचन डोळा द्रवाच्या पातळीवर आणून घ्यायचं. त्या क्षणीची घनता तक्त्यातून १५ अंशांवर आणायची आणि चलानावरच्या आकड्याशी ताडायची. फरक घनमीटरला ३ किलोपर्यंत असेल तर उतरवायचं. त्याहून जास्त असेल तर नळी जोडायचीच नाही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, म्हणून टाकीच्या तळातलं पाणी तपासायला इथेनॉलला चालणारी पेस्ट दांडीला लावावी लागते. पाणी शिरलं तर ते इथेनॉल ओढून घेऊन खाली वेगळा थर करतं.

नागपूरचं ऊन इथे पात्र होऊ शकतं. बारा हजार लिटर पेट्रोल ४२ अंशांना भरलं आणि टाकीत ३२ अंशांवर आलं तर सुमारे १४० लिटर कमी भरतं. चोरी झालेली नसते. प्रामाणिक पंपचालक यावरून ड्रायव्हरवर संशय घेतो, आणि खरा चोर ‘उन्हाची घट’ म्हणून सुटतो. दोघांतला फरक फक्त तपमानाच्या नोंदीवरून कळतो, आणि ती नोंद कुणीतरी अंदाजाने भरलेली असते.

भेसळीचं म्हणाल तर ८३० घनतेच्या डिझेलमध्ये ७९५ चं रॉकेल आठ टक्के गेलं तरी घनता तीनपेक्षा कमी उतरते. पंपावरची तपासणी पास होते. प्रयोगशाळेत मात्र उकळण्याची श्रेणी आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ लागते ते) चुगली करतात. कथा २०१० च्या आसपासची असेल तर रेशनचं निळं रॉकेल बरोबर आहे. आजची असेल तर ते काढा, रेशनचं रॉकेल आता जवळपास उरलेलं नाही. आणि हा भाग लिहिताना हलक्या हाताने लिहू नका. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीत तेलभेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. महाराष्ट्रात तेलाच्या राजकारणाला रक्त लागलेलं आहे. तुमच्या चित्रपटात अधिकाऱ्याचा मृत्यू असेल तर तो टाळ्यांसाठी ठेवू नका, कॅमेरा त्याच्यावर रेंगाळू देऊ नका.

शेवटचा स्फोट. गोळी लागून भरलेला टँकर चेंडूसारखा फुटत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असते तेव्हाच पेटते. भरलेल्या कप्प्यात वाफ त्याहून दाट असते, पेटायला हवा पुरत नाही. गोळीच्या भोकातून पेट्रोल गळेल, रस्त्यावर पसरेल आणि आग तिथून लागेल. धोकादायक असतो तो रिकामा, न धुतलेला टँकर, कारण त्यात हवा आणि वाफ दोन्ही असतात. म्हणूनच वेल्डिंगआधी ‘वायुमुक्त’ असल्याचं प्रमाणपत्र लागतं. कथेसाठीही हे चांगलं आहे: खलनायक भरलेली गाडी सोडून रिकामी परतणारी गाडी निवडतो, आणि तेल जाणणारी नायिका ते ओळखते.

चित्रीकरणासाठी तुम्ही भंगारातला टँकर भाड्याने घेणार असाल तर ते प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय युनिटचा एकही माणूस त्याच्या जवळ जाऊ देऊ नका. टँकर जुना दिसतो, वास येत नाही, झाकण महिनाभर उघडं आहे, यातलं काहीही पुरेसं नाही. कप्प्याच्या तळाशी आणि व्हॉल्वमागच्या पाइपात माल राहतो आणि ऊन चढलं की पुन्हा वाफ धरतो. कप्पे पाण्याने काठोकाठ भरून घ्या. ज्वाळा परवानाधारक माणसाकडून गॅसच्या नळीवर, टँकरपासून लांब वेगळ्या घ्या आणि संकलनात जोडा. खऱ्या डेपोच्या परवान्याच्या हद्दीत साधा मोबाइलही चालत नाही, तिथे कॅमेरा मिळणार नाही. फाटक आणि रेल्वेचं साइडिंग बाहेरून घ्या आणि आतलं सेटवर उभारा. हायड्रोमीटर, जार आणि थर्मामीटर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतील. दृश्यात जारमध्ये पाणी वापरणार असाल तर लक्षात ठेवा, पाण्यात पेट्रोलचा हायड्रोमीटर बुडतच नाही, वर उभा राहतो. त्या एका शॉटसाठी पाण्याचा वेगळा हायड्रोमीटर आणा आणि आकड्यांची पट्टी बदलून लावा.